मिलानमधली सवाष्ण

“आई, मला नको लावूस,” केतकी म्हणाली आणि खुर्चीसकट मागं सरकली.

कुंकवाचं बोट माझं हवेतच राहिलं. मिलानमधली माझी पहिली सकाळ होती ती. आंघोळ झाली होती, जप झाला होता, मिरजेहून पदराखाली आणलेल्या बाळकृष्णाला केतकीच्या ओट्याच्या कोपऱ्यात बसवून दूधसाखर दाखवून झाली होती. आता घरातल्या सवाष्णीला हळदकुंकू लावलं की चहा प्यायला मी मोकळी.

“का गं?”

“पुरळ येतं कपाळाला. ॲलर्जी आहे, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“कुंकवाची?”

“हो.”

“मग नुसती हळद लावते.”

“हळदीचीही आहे.”

“काल पिठलं पुसून खाल्लंस की.”

“पोटातून चालते,” केतकी म्हणाली. “बाहेरून चालत नाही.”

मी वाद घातला नाही. मला तो घालता येत नाही. माझा आवाजच लहान आहे. आमच्या गल्लीत भाजीवालीला हाकसुद्धा हे मारतात, मी पिशवी घेऊन मागं उभी असते. पण नेमाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. त्या वर्षी आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचा नेम धरला होता. रोज एका सवाष्णीला, म्हणजे जिचा नवरा आहे अशा बाईला, हळदकुंकू लावायचं, हातावर गूळखोबरं ठेवायचं आणि मगच अन्नाला शिवायचं. तोवर नुसतं पाणी. कार्तिकीनंतर उद्यापन. मिरजेत त्यात काही अवघड नव्हतं. दार उघडून उंबऱ्यात उभं राहिलं की दूध आणायला निघालेली एखादी मिळायचीच.

नेम धरला होता केतकीच्याच संसारासाठी. लग्नाला चार वर्षं झाली होती. जावई हृषीकेश नागपूरचे, दोघंही मिलानमध्ये नोकरीला. वर्षभर तिच्या फोनमध्ये मला काहीतरी वेगळं ऐकू येत होतं. “कशी आहात दोघं?” म्हटलं की “मजेत” एवढा एकच शब्द यायचा, तोही घाईनं, परीक्षेत पाठ केलेलं उत्तर द्यावं तसा. हे म्हणाले, “तिला सरळ विचार की.” असं कसं विचारायचं? मी विचारलं नाही, नेम धरला. आणि ज्या दिवशी धरला त्याच दिवशी तिला फोनवर सांगितलं: तुमच्या दोघांच्या संसारासाठी आहे, एकही दिवस चुकवणार नाही.

“आषाढीपासून एक दिवस चुकलेला नाही,” मी आता तिला म्हटलं. “चुकायचा तर तुझ्याच घरात चुकायचा का?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “थांब,” म्हणाली, आणि दार उघडून समोरच्या बिऱ्हाडाची घंटा वाजवली.

दारात आली ती साठीची, केस तांबडे रंगवलेली, फुलाफुलांचा बिनबाह्यांचा झगा घातलेली एक भरघोस बाई. ब्रुनेल्ला तिचं नाव. हातात कॉफीचा एवढासा कप.

“नवरा आहे ना हिला?” मी हळूच विचारलं.

“ऐकू येतोय की,” केतकी म्हणाली. आत खरोखरच एक पुरुष खोकत होता आणि मध्येमध्ये कुणावर तरी ओरडत होता.

केतकीनं इटालियनमध्ये दोन मिनिटं काहीतरी समजावलं. ब्रुनेल्लाबाईंनी कप बाजूला ठेवला आणि कपाळ असं पुढं केलं की जणू जन्मभर याचीच वाट पाहत होत्या. मी हळद लावली, कुंकू लावलं, गूळखोबरं हातावर ठेवलं. त्यांनी आरशात पाहिलं, गूळखोबरं तोंडात टाकलं, डोळे मिटले. मग माझ्याकडं पाहिलं, केतकीकडं पाहिलं, आणि पाची बोटं एकत्र जुळवून तिच्या नाकासमोर हलवत एकच शब्द म्हणाल्या.

“दील्येलो.”

“काय म्हणाल्या गं?”

“अं?” केतकी दार लावत म्हणाली. “शुभ होवो, असं.”

मला तो शब्द आवडला. ब्रुनेल्लाबाई त्यानंतर रोज सकाळी नऊला स्वतःहून येऊ लागल्या, रोज कपाळ पुढं करू लागल्या, आणि जाताना रोज केतकीला तेच म्हणू लागल्या. परक्या देशातली बाई माझ्या मुलीला रोज आशीर्वाद देते, हे मी यांना फोनवर सांगितलं. माझ्याकडून काहीतरी परतफेड हवी म्हणून मीही तो शब्द उचलला. केतकी कामाला निघाली की मी दारात उभी राहून म्हणायची, “दील्येलो, केतू!” ती जिन्यात एक पायरी थांबायची, मग उतरायची.

बाकीचा दिवस माझा मोकळा असे. केतकी कापडाच्या रंगांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती, संध्याकाळी यायची. माझ्यासाठी तिनं फ्रिजच्या दारावर सूचनांचा एक मोठा कागद लावला होता. तिचं अक्षर शाळेपासूनच सुबक. ट्राममध्ये चढल्याबरोबर तिकीट त्या यंत्रात घालून शिक्का मारून घे, नुसतं विकत घेऊन चालत नाही. आणि उतरेपर्यंत हातात ठेव. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, खुर्चीवर बसलीस की महाग. देवळात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत (तुला काळजी नाही). दुपारी साडेबारा ते साडेतीन छोटी दुकानं बंद. रस्त्यावर हिरवे लोखंडी नळ आहेत, पाणी चोवीस तास वाहतं, बिनधास्त पी. आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित करून: मोठ्या चर्चसमोरच्या चौकात अनोळखी माणसं हसत जवळ येतात, हात धरतात, मनगटाला दोरा बांधतात. काही घेऊ नकोस, काही लावून घेऊ नकोस, लांब राहा.

ही झाली लिहिलेली माहिती. न लिहिलेली मला विचारल्यावर मिळे. घंटेच्या पाटीवर ‘साठे’ असं आमचंच आडनाव का? “इथं बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत, आई. तसा कायदाच आहे.” हृषीकेश दिसत नाहीत ते? “जर्मनीत आहे, श्टुटगार्टला. प्रोजेक्ट.” त्यांचे कपडे? “तिकडं थंडी असते ना, सगळे नेलेत.” जुलैमध्ये? “आई, युरोप आहे हे.” ते हिरवे नळ मला फार आवडले. त्यांना इथं काय म्हणतात, असं विचारलं तर केतकी म्हणाली, “छोट्या विधवा. सारखं पाणी गळतं म्हणून.” एवढं सांगून तिनं विषय बदलला.

नागपूरकरांचा आणि आमचा संबंध दिवाळीच्या फोनपुरता. विचारायला जाणार कुणाला? मी माझा जप करत होते आणि मुलीच्या घरी सुखात होते.

मग ऑगस्टचा मध्य आला. मिरजेत कुणी मला सांगितलं असतं की एवढं मोठं शहर कुलूप लावून समुद्रावर निघून जातं, तर मी हसले असते. आधी तळमजल्यावरचा पाववाला गेला. मग औषधवाला. दारांवर कागद चिकटवून सगळे गेले. तेरा तारखेला ब्रुनेल्लाबाई कुंकू लावून घ्यायला आल्या त्या मोठी गवती टोपी घालूनच. खाली नवरा गाडीत बसून भोंगा वाजवत होता. जाताना त्यांनी केतकीला जवळ घेतलं आणि तो शब्द इतक्या जोरात म्हटला की मला वाटलं, लांब जायचं म्हणून जास्तीचा आशीर्वाद देतायत.

चौदा तारखेला सकाळी पूर्ण इमारतीत मी आणि केतकी उरलो. तिला कामावर जायचं होतं.

“मी दुपारी कुणालातरी घेऊन येते,” ती बूट घालत म्हणाली. “तोवर केळं तरी खा.”

“फळ अन्नातच येतं.”

“आई, अगं साठी उलटलीय तुझी. चक्कर येईल.”

“तू लावून घे मग एवढंसं. टिकलीएवढं. लगेच धुऊन टाक.”

ती बूट बांधतच राहिली. नाडी दोनदा सोडून बांधली. “नको,” म्हणाली. “ते सोडून काय सांगशील ते करते.”

मला राग आला. मला राग येतो तेव्हा मी गप्प होते, त्यामुळे तो कुणाच्या लक्षात येत नाही. आपण मुलीसाठी उपाशी राहायचं आणि मुलीनं कपाळावर चिमूटभर कुंकू सोसायचं नाही! इथं राहून हिला कुंकवाची लाज वाटायला लागली, दुसरं काय. ती गेली तसा मी करंडा घेतला, गूळखोबऱ्याच्या पाच पुड्या कागदात बांधल्या, फ्रिजवरचा सूचनांचा कागद घडी करून पिशवीत टाकला आणि निघाले. आमच्या पेठेत सवाष्ण नसेल, शहरात असेलच.

कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी प्याले. नेमात पाणी चालतं. छोट्या विधवेच्या हातचं चालतं का, हे कुठल्या पोथीत मला आढळलेलं नव्हतं. मग लाकडी बाकांची जुनी पिवळी ट्राम आली. चढले, शिक्का मारला, तिकीट हातात धरलं. डब्यात मी आणि दोन म्हातारे. सवाष्णीचा पत्ता नाही.

चौकाकडं जाताना तो काचेच्या छताचा मोठा बाजार लागतो. तिथं फरशीत एक बैल काढलेला आहे आणि त्यावर टाच रोवून लोक स्वतःभोवती गरगर फिरत होते. केतकीनं कागदावर लिहिलं होतं: तीन फेऱ्यांत इच्छा पुरी होते म्हणतात, गर्दी असते, वेळ घालवू नकोस. तीन फेऱ्या! आणि माझा नेम चार महिन्यांचा. मी कुणाला काही म्हटलं नाही, बाजूनं गेले.

चौक मात्र भरलेला होता. गावातली माणसं गेली होती, पण जगातली आली होती. एवढ्या बायका मी एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. आता यांतली लग्नाची कुठली? मंगळसूत्र नाही, जोडवी नाहीत, कुंकू नाही. ब्रुनेल्लाबाईंच्या हातावरून मी एक शिकले होते, लग्नाची अंगठी डाव्या हातात करंगळीशेजारी. मी पायऱ्यांशी उभी राहून डावे हात बघू लागले.

पहिली चांगली गोरीपान, अंगठीवाली, शेजारी नवराही होता. मी हसत पुढं झाले, करंडा उघडला. नवरा दोघींच्या मध्ये आला, तिची पर्स त्यानं छातीशी धरली आणि तिला ओढत घेऊन गेला. दुसरी थांबली. तिनं माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मी मराठीतच बोलत होते, दुसरं काय बोलणार? मग माझ्या तळहातावर एक नाणं ठेवून, गालाला हात लावून निघून गेली. मी तिच्यामागं जाऊन ते परत द्यायला लागले तर ती पळायला लागली.

दोन वाजत आले. उन्हानं डोळ्यांसमोर पिवळं दिसत होतं. एवढ्यात एक आजीबाई चर्चच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. शेजारी आजोबा पाठ करून फोटो काढत होते. अंगठी होती. त्या माझ्याकडं पाहून हसल्या. मी करंडा दाखवला, त्या वाकून बघू लागल्या. म्हटलं, देवानंच पाठवली. हळद लावली, त्यांना मौज वाटली. कुंकू लावलं. त्यांनी कपाळाला हात लावला, बोट समोर धरलं, ते लाल बघितलं, आणि अशी किंकाळी मारली की चौकातली सगळी कबुतरं उडाली. आजोबा वळले. त्यांनी बायकोच्या कपाळाचं रक्त बघितलं आणि माझ्या हातातला डबा बघितला.

मला धरून नेलं म्हणता येणार नाही. गणवेशातली दोन माणसं आली, एक पुरुष, एक बाई, आणि मला दोन्ही बाजूंनी सोबत करत एका छोट्या खोलीत घेऊन गेली. आजीबाई मागून आल्या आणि ओल्या रुमालानं कपाळ पुसत माझ्याकडं बघत राहिल्या. पुसलं गेलं ते. म्हणजे नेमाला धरायचं की नाही, याचाच मी विचार करत होते.

त्या पोलिसानं करंडा उघडला. एका बाजूला लाल पूड, एका बाजूला पिवळी. त्यानं पिवळी नाकाशी नेली, हुंगली आणि सलग सात वेळा शिंकला. नाक पिवळं झालं. मग पिशवीतल्या पाच पुड्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि माझ्याकडं असं बघितलं की मला प्रथमच भीती वाटली. सूचनांच्या कागदाखाली केतकीचा नंबर होता. मी त्यावर बोट ठेवलं.

ती अर्ध्या तासात आली. गळ्यात कामावरचं ओळखपत्र तसंच, घामानं केस कपाळाला चिकटलेले.

“आई! मी कागदावर काय लिहिलं होतं? अनोळखी माणसं जवळ आली तर लांब राहायचं!”

“कुणी आलं नाही गं जवळ,” मी म्हटलं. “मीच गेले.”

पोलीसबाईला मराठी येत नव्हतं, पण ती तोंड फिरवून हसली असं मला वाटलं. केतकीनं त्यांना सगळं सांगितलं. आजीबाईंना सांगितलं. आजीबाईंनी “ओऽऽ” असा लांबलचक उद्गार काढला, रुमाल दूर केला, आणि आजोबांना माझा आणि त्यांचा एकत्र फोटो काढायला लावला. त्या गेल्या. राहिला एक फॉर्म. मला सोडायचं तर केतकीला जबाबदार म्हणून लिहून द्यायचं होतं. पोलीस विचारत होता, केतकी सांगत होती, तो टाइप करत होता. नाव, जन्मतारीख, पत्ता. भराभर चाललं होतं.

मग त्यानं काहीतरी विचारलं आणि केतकी गप्प झाली.

“काय विचारतोय?”

“काही नाही. फॉर्म आहे नुसता.”

त्यानं पुन्हा विचारलं. बोटं यंत्रावर तयार ठेवून तो तिच्या तोंडाकडं बघत होता. केतकी टेबलाकडं बघत होती. मला वाटलं, तो वैतागला, आता प्रकरण बिघडतंय. दोन गोड शब्द बोलायला हवेत. माझ्याजवळ इटालियनमध्ये एकच होता. मी हात जोडले, त्याच्याकडं पाहून हसले आणि माझ्या लहान आवाजात म्हटलं,

“दील्येलो.”

पोलिसानं भुवया उंचावल्या. पोलीसबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग केतकीकडं, आणि हळूच तिला काहीतरी म्हणाली. केतकी माझ्याकडं वळली. तिला दुसरीत असताना खिडकीची काच फोडताना मी पकडलं होतं, तेव्हा तिनं माझ्याकडं असं पाहिलं होतं.

“दिव्होर्त्सियाता,” ती म्हणाली.

मला इटालियन येत नाही. पण तो शब्द कळायला इटालियन यावं लागत नाही.

पोलिसानं तो टाइप केला, खट् खट् खट्, आणि पुढचं विचारलं. फोन नंबर असावा. केतकीनं आकडे सांगितले.

  केतकीनं सही केली, पेन खाली ठेवलं आणि लगेच पोलीसबाईशी बोलायला लागली, पुष्कळ वेळ, हातवारे करून. बाई हसली, डावा हात पुढं करून अंगठी दाखवली, टोपी काढली आणि माझ्यासमोर येऊन मान खाली घातली.

“लाव, आई,” केतकी म्हणाली. “पाओला नाव आहे. लग्न झालंय, नवरा आहे, दोन मुली आहेत. सगळं नीट विचारून घेतलंय मी. तीन वाजून गेले, सकाळपासून पाण्यावर आहेस. लाव.”

मी लावलं. पाओलानं एक पुडी सोडून गूळखोबरं खाल्लं आणि दुसरी, पिवळ्या नाकाच्या तिच्या सहकाऱ्यापुढं सरकवली.

ट्राममध्ये आम्ही लाकडी बाकावर शेजारी बसलो. दोन थांबे गेले.

“कधी?” मी विचारलं.

“कागद फेब्रुवारीत झाले. वेगळे त्याच्याआधी वर्षभर.”

“मारत वगैरे होता का?”

“नाही गं. काहीच करत नव्हता. तेच.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “श्टुटगार्टला आहे हे खरंय. प्रोजेक्ट तेवढा नाही.”

“मला सांगायचं नाहीस?”

“सांगणार होते. आषाढीला फोन घेतला तो सांगायचं ठरवूनच. तर तू म्हणालीस, तुमच्या संसारासाठी आजपासून नेम धरलाय. आता त्यावर काय बोलू? पहिल्याच दिवशी मोडू तुझा?”

“आणि ॲलर्जी?”

ती गळ्यातलं ओळखपत्र काढू लागली.

“मुकाट्यानं लावून घ्यायचंस,” मी म्हटलं. “मला काय कळणार होतं?”

“तुला नसतंच कळलं. पण तू उपाशी राहून करतेस ते, आई. आणि मी समोर खोटी सवाष्ण होऊन बसू? तुझं सगळं वाया गेलं असतं माझ्यामुळं.”

या मुलीच्या घरात देव नव्हता. मी नेला तेवढा एकच, तोही मिक्सरशेजारी. तीन आठवडे मी मनात म्हणत होते की हिला कुंकवाची लाज वाटते. आणि माझ्या नेमाला बट्टा लागू नये म्हणून तिनं पहिल्याच सकाळी समोरची घंटा वाजवली होती.

“ब्रुनेल्लाबाईंना ठाऊक होतं?”

“सगळ्या इमारतीला ठाऊक आहे.”

“तरी रोज आशीर्वाद द्यायच्या बिचाऱ्या.”

“कुठला आशीर्वाद?”

“दील्येलो.”

केतकीनं चेहरा दोन्ही हातांनी झाकला. “आई, त्याचा अर्थ ‘सांग तिला’. रोज मला तेच सांगत होती ती. सांग तिला, सांग तिला.”

मी सकाळी दारात उभी राहून तो शब्द किती वेळा म्हटला होता ते आठवायला लागले. बूट घालताना, जिन्यात, एकदा खिडकीतून वाकून रस्त्यावरसुद्धा. “म्हणजे मीही...”

“तूही. रोज. हसतमुखानं.” आणि ती हसायलाच लागली. इतकी हसली की पुढची बाई वळून बघायला लागली, आणि मग ते हसू तिला आवरेना, आणि ते नुसतं हसूही राहिलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हातात दोघींची तिकिटं घट्ट धरून ठेवली होती. उतरेपर्यंत हातात ठेव, असं तिनंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट. त्यांचाही मोठा सण असतो तो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी जप संपवून उठले तर केतकी पिशवी खांद्याला लावून दारात तयार.

“चल लवकर. पाओलाची आज सकाळची पाळी आहे. काल विचारून ठेवलंय मी. सण आहे, ट्राम कमी आहेत. आत्ता निघालो तर नऊपर्यंत तुझा नेम होईल.”

“पिशवी ठेव,” मी म्हटलं.

“आई, उशीर होईल.”

“ठेव म्हटलं ना. आणि बस इथं.”

मी करंडा उघडला.

“आई, नको. तुझं व्रत...”

“माझं आहे ना? मग तू कशाला बोलतेस?”

मी तिच्यापुढं इतकं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. ती बसली.

आठ वर्षं झाली याला. त्या वर्षी कार्तिकात मिरजेला उद्यापन झालं. कशाळकर गुरुजी आले होते. मी आणि हे पाटावर शेजारी बसलो होतो. यांना मी सगळं सांगितलं होतं, मुंबईहून येताना गाडीतच.

संकल्पाआधी गुरुजींनी विचारलं, “काकू, नेमात मध्ये खंड नाही ना पडला?”

“नाही.”

“परदेशात होतात म्हणून विचारतो. असेल तर सांगा हो, पळीभर पाणी सोडून मोकळं होऊ, अवघड नाही काही.”

“नाही पडला. रोज मिळत होती.”

“तिकडच्या बाया?”

“तिकडच्याही होत्या. पण तिथले शेवटचे सतरा दिवस घरातलीच होती. आमची केतकी.”

हे खोकले.

“वा!” गुरुजी म्हणाले. “लेकीच्या संसारासाठी नेम, आणि लेकच समोर सवाष्ण म्हणून. नशीब लागतं, काकू. बरं चाललंय ना तिचं?”

“आता बरं चाललंय. जेवते नीट. फोनवर बराच वेळ बोलते.”

“आणि जावई?”

“जर्मनीत असतात.”

“असू देत, असू देत. म्हणजे व्रत फळाला आलं म्हणायचं.”

“आलं,” मी म्हटलं आणि पळी घ्यायला हात पुढं केला.

गुरुजी दक्षिणा घेऊन जिना उतरले तसे हे माझ्याकडं वळले. “देवासमोर बसून खोटं बोललीस तू,” म्हणाले. “आयुष्यात पहिल्यांदा.”

“काय खोटं बोलले?” मी विचारलं. “कुठलं वाक्य?”

यांनी तेहतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेलं. पाटावर बसल्या बसल्या बराच वेळ शोधत राहिले. ओठ हलत होते, एकेक वाक्य पुन्हा म्हणून बघत होते. मग उठले, उपरणं खुंटीला लावलं.

“पानं घे,” म्हणाले. “भूक लागली.”